उन्हाळी जाकीट

वैमानिक म्हटलं की निम्म्या जगाच्या डोळ्यांपुढे तपकिरी चामड्याचं एक आखूड जाकीट येतं. अमेरिकी सैन्याच्या कागदोपत्री त्याचं नाव ए-टू, आणि त्या कागदांत ते उन्हाळी कपड्यांच्या यादीत आहे. हिवाळ्यासाठी बी-थ्री होतं: मेंढीचं जाडजूड कातडं, लोकर आतल्या बाजूला, अंगावर चढवलं की दारातून आडवं जावं लागेल असं. ए-टू त्यामानाने सुटसुटीत. घोड्याचं कातडं, आत पातळ सुती अस्तर, मनगटांना आणि कमरेला लोकरी विणीची पट्टी, पुढे चेन, दोन खिसे, खांद्यांवर पट्ट्या. 1931 च्या मे महिन्यात ते मंजूर झालं. 1943 मध्ये जनरल हॅप अर्नोल्ड यांनी चामड्याची नवी कंत्राटं थांबवून कापडी जाकिटांकडे मोर्चा वळवला. जेमतेम बारा वर्षांची कारकीर्द. एवढ्या अवधीत एवढं नाव कमावलेला दुसरा सरकारी कपडा मला तरी माहीत नाही.

उन्हाळी म्हणजे किती उन्हाळी, तेही सांगायला हवं. इंग्लंडच्या पूर्व भागातल्या धावपट्ट्यांवरून उठून जर्मनीवर जाणारी बी-सतरा विमानं 25 हजार फुटांच्या आसपास उडायची. आत ऊब नाही, हवेचा दाब राखायची सोय नाही, आणि मधल्या भागातल्या दोन्ही बाजूंच्या खिडक्या मशिनगनसाठी सताड उघड्या. पारा उणे 40 पर्यंत उतरायचा. हातमोजा काढून लोखंडाला बोट लावलं की कातडी लोखंडालाच राहायची. आठव्या हवाई दलाच्या सुरुवातीच्या वर्षात शत्रूच्या गोळ्यांपेक्षा हिमदंशानं जास्त माणसं जायबंदी झाली. तिथे ए-टूचा काय पाड लागणार? वर मेंढीचं कातडं चढवावं लागे; पुढे विजेच्या तारा शिवलेले सूट आले. लढाऊ विमानांचे वैमानिक ए-टू घालून उडत, पण बॉम्बफेकी विमानांतल्या पोरांचं ते जाकीट खरं वापरात यायचं जमिनीवर: पहाटेच्या ब्रीफिंगला, मेसमध्ये, गावातल्या पबमध्ये, फोटोला उभं राहताना. आपण ज्याला शौर्याचा पोशाख समजतो, तो बराचसा शौर्याच्या अलीकडच्या नि पलीकडच्या तासांत घालायचा कपडा होता. मला त्याची हीच गोष्ट आवडते.

मी ही जाकिटं जमवतो. घालत नाही, जमवतो. हा फरक आमच्या घरात अजून कुणी मान्य केलेला नाही. बायकोचा आक्षेप खर्चावर नाही. म्हणजे फक्त खर्चावर नाही. "गेलेल्या माणसाचे कपडे आपल्याकडे देऊन टाकतात," ती म्हणते, "आणि तू मोजून पैसे देऊन घरात आणतोस. कुणाचा घाम मुरलाय त्यात, ते तरी ठाऊक आहे का तुला?"

प्रश्न बिनतोड आहे. बहुतेक वेळा ते ठाऊक नसतं. छातीवर डाव्या बाजूला चामड्याची नावाची पट्टी असते, ती बहुधा उसवून काढलेली. राहतात ती तिच्या कडेची सुईची भोकं आणि थोडा गडद चौकोन. गळ्याखालचं लेबल कुणीतरी कापून टाकलेलं. मग विकणारा माणूस ती रिकामी जागा गोष्टीनं भरतो. या गोष्टी ऐकायला फार छान असतात. काका जर्मनीवर उडाले होते, आजोबा पॅराशूटनं फ्रान्समध्ये उतरले आणि एका शेतकऱ्याच्या गोठ्यात लपले, हे खिशाजवळचं भोक आहे ना, ते विमानभेदी तोफेच्या तुकड्याचं. (भोक बहुधा कसरीचं असतं आणि तेही कमरेच्या लोकरी पट्टीला.) जुन्या लष्करी वस्तूंच्या धंद्यातली मुरलेली माणसं नवख्याला पहिला धडा हाच देतात: पैसे वस्तूला द्यावेत, गोष्टीला देऊ नयेत.

तो धडा मी त्यांच्याकडून घ्यायच्या आधीच घेतला होता, सातारला, मामांच्या दुकानात. सुट्टीत मामा मला काजं-बटणं करायला बसवायचे. जिल्ह्यातली पोरं फौजेत भरती होऊन पहिल्या रजेवर आली की सरकारी गणवेश काखोटीला मारून मामांकडे यायची. सरकारनं दिलेली पँट कुणाच्याच मापाची नसते. ती अंगात बसवून द्यायची, हे काम. मामा कपडा हातात घेतला की आधी उलटा करायचे. सुलट्या बाजूकडे बघायचेसुद्धा नाहीत. "वरून सगळेच गुणी दिसतात रे," म्हणायचे. आत शिवणीला किती कापड सोडलंय, मुंढ्याला टीप कशी वळवलीय, दोरा कुठे संपवलाय, एवढं पाहिलं की शिवणारा कसा माणूस होता ते ते सांगायचे. घाई करणारा, मन लावून करणारा, रोजावर काम करणारा, नगावर करणारा. घालणाऱ्याबद्दल मात्र कधी बोलायचे नाहीत. तो समोर उभाच असायचा.

ओहायोत डेटनजवळ राहायला आल्यावर या सवयीचा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पण इथल्या जत्रेच्या मैदानावर रविवारी जुना बाजार भरतो आणि तिथे एका टेबलावर, गंजलेल्या पान्यांच्या नि काचेच्या बरण्यांच्या मधे, एक ए-टू पडलेलं होतं. विक्रेता म्हातारा, गोष्ट तयार. मी जाकीट उचललं आणि उलटं केलं. तो बोलायचा थांबला.

आतून हे जाकीट वेगळंच दिसतं. लालसर तपकिरी सुती अस्तर, काखेत काळवंडलेलं आणि विरलेलं. आत खिसा नाही. गळ्याखाली काळ्या पट्टीवर फिकट अक्षरांत विणलेलं लेबल होतं: प्रकार ए-टू, ड्रॉइंग क्रमांक 30-1415, कंत्राटाचा क्रमांक, कारखान्याचं नाव, आणि खाली ही अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाची मालमत्ता आहे असा इशारा. चेनीच्या रनरवर टॅलन कंपनीचं नाव. ही कंपनी पेनसिल्व्हेनियातल्या मीडव्हिल गावची. कोपरांवर चामडं घड्या पडून मऊ झालेलं, चेनीच्या कडेनं घासून रंग उडालेला. हे सगळं घालणाऱ्याचं. पण उजव्या मुंढ्यापाशी, जिथे बाही धडाला मिळते, तिथे वेगळीच गंमत होती. टीप दोन बोटं वाकडी गेलेली, तिथून उसवून, मागे येऊन पुन्हा सरळ घेतलेली. दोरा सरळ, आणि त्याच्या शेजारून चुकलेल्या टिपेच्या भोकांची रांग, स्पष्ट, एकसारख्या अंतरावर.

कापडाला ही सोय असते की चुकीची शिवण उसवली, पाण्याचा हबका मारून इस्त्री फिरवली की भोकं बुजतात. चामड्यात सुईनं पाडलेलं भोक बुजत नाही. शिवणाऱ्याला संधी एकदाच. म्हणून चामडं शिवणारे टाचण्या लावत नाहीत, आणि म्हणून त्यांच्या चुका टिकतात. त्या जाकिटाचा मालक इंग्लंडात होता की टेक्ससमध्ये शिकाऊ पोरांना उडायला शिकवत होता, मला सांगता येणार नाही. पण 1942 च्या सुमारास एका मशीनवर बसलेल्या व्यक्तीचा पाय पायडलवर क्षणभर जास्त पडला, तिनं ते पाहिलं, उसवलं, पुन्हा शिवलं आणि सरकारी तपासनिसानं त्यावर शिक्का मारला, हे मी शपथेवर सांगू शकतो. पुरावा माझ्या कपाटात आहे.

तेव्हापासून मी वैमानिक शोधायचं सोडलं, असं म्हणणं खोटं ठरेल. नावाची पट्टी शाबूत असली की अजूनही हृदय उडतं. पण हाती लागतो तो शिंपी. आणि हा शिंपी फार मजेशीर आहे. ए-टूचं ड्रॉइंग एकच, इथल्याच राइट फील्डवरच्या सैन्याच्या कचेरीतून निघालेलं. शिवायला मात्र ते डझनावारी कारखान्यांना दिलं. हडसन नदीच्या एका काठावर बीकन गाव, तिथे एअरो लेदर; समोरच्या काठावर न्यूबर्ग, तिथे पेरी स्पोर्ट्सवेअर; थोडं वर पकिप्सी, तिथे पकिप्सी लेदर कोट. पेनसिल्व्हेनियातल्या मिडलटाउनला रफ वेअर, शिकागोला ड्यूबो. शांततेच्या काळात यांतले बरेचसे लोक शिकारीचे कोट, मुलांची जाकिटं, रेनकोट शिवणारे. न्यूयॉर्कच्या शिलाई धंद्यात तेव्हा इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांच्या घरची माणसं भरलेली. ड्रॉइंग आलं, पण प्रत्येक कारखान्याच्या कटिंग मास्तरानं ते आपल्या हातवळणानं वाचलं. कुणाची कॉलर लांब टोकाची, कुणाची आखूड नि गोलसर. कुणाच्या खिशाच्या झाकणाचा कोपरा ठसठशीत, कुणाचा पळता. जाणकार माणूस लेबल नसलेलं जाकीट हातात घेऊन, झाकणाच्या वळणावरून आणि कॉलरच्या बुडावरून कारखाना सांगतो. सरकारनं सगळ्यांना एकसारखं करायला नेमलेल्या वस्तूत कटिंग मास्तरांनी आपली सही करून ठेवली, आणि सरकारला ते कळलंही नसावं. कळलं असतं तरी टिचबटणं जागेवर आहेत ना, एवढंच बघितलं असतं.

मापांचं काय सांगू. 36 आणि 38 ही मापं हरघडी दिसतात. माझ्या कपाटातलं एकही जाकीट मला होत नाही. श्वास रोखून चेन अर्ध्यावर येते आणि पुढे पोट आडवं येतं. चार इंजिनांचं विमान चालवणारी पोरं विशी-बाविशीतली होती, शिडशिडीत, मंदीच्या काळात वाढलेली. आठव्या हवाई दलाची 26 हजारांहून जास्त माणसं मेली. त्यांची जाकिटं घरी परत गेली की आणखी कुणाच्या अंगावर चढली, ते जाकीट सांगत नाही. पोट आत घेत आरशासमोर उभा असलेला पन्नाशीतला संग्राहक हा या छंदातला सर्वांत हास्यास्पद प्राणी आहे.

बाजारात सर्वांत भाव खातात ती पाठ रंगवलेली जाकिटं. तळावरचा एखादा चित्रकलेचा हात असलेला मेकॅनिक थोड्या पैशांत किंवा व्हिस्कीच्या बाटलीवर विमानाचं नाव, एखादी कमी कपड्यांतली बाई आणि प्रत्येक मोहिमेमागे एक छोटा बॉम्ब रंगवून द्यायचा. डिस्नेच्या स्टुडिओनंही युद्धकाळात सैन्याच्या तुकड्यांसाठी बाराशेच्या आसपास चिन्हं काढून दिली. हे सगळं खेळीमेळीचं वाटतं, पण 1943 च्या नोव्हेंबरात जर्मनांच्या हाती लागलेल्या एका बॉम्बार्डियरच्या पाठीवर त्याच्या विमानाचं नाव होतं: 'मर्डर इन्क.' जर्मन प्रचारखात्याला आयतंच सापडलं. त्याला पाठमोरा उभा करून काढलेले फोटो छापून आले. ज्यांच्या घरांवर बॉम्ब पडत होते त्यांना तो विनोद आहे असं समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. डेटनच्या हवाई दल संग्रहालयात 'मेम्फिस बेल' हे बी-सतरा विमान 2018 पासून मांडलेलं आहे. त्याच्या आसपास फिरताना रंगवलेल्या पाठींचा तो काळ सुरेख आणि तरुण वाटतो. बॉम्बांच्या त्या छोट्या पिवळ्या रांगा मोजायला मुलं थांबतात. प्रत्येक पिवळ्या बॉम्बाच्या खाली एक शहर आहे, हे काचेमागच्या पाटीवर मावण्यासारखं नसतं.

भाव आहे म्हणजे नक्कल आहेच. खरं जुनं जाकीट घ्यायचं, पाठीवर नवं चित्र काढायचं, हजारो डॉलर मागायचे. ओळखायची खूण साधी आहे. जुना रंग चामड्यासोबत म्हातारा होतो. चामड्याला घडी पडते तिथे तोही तडकतो. नवा रंग आधीच पडलेल्या भेगेत उतरतो. भिंगातून पाहिलं, भेगेच्या तळाशी रंग दिसला की समजावं, चित्रापेक्षा भेग जुनी. दुसरा उपाय अतिनील दिव्याचा. युद्धानंतरच्या दोऱ्यांत आणि कापडांत शुभ्रतेसाठी घातलेली रसायनं त्या उजेडात निळी-पांढरी चमकतात. सुती जुना दोरा मख्ख राहतो. अंधाऱ्या खोलीत जाकिटावर दिवा धरून वाकलेल्या मला पाहून आमच्या मुलीनं विचारलं होतं, "बाबा, खून झालाय का?"

इंग्रजांच्या बाजूला याच तोलाचं जाकीट म्हणजे अर्विन. मेंढीच्या कातड्याचं, रॉयल एअर फोर्सचं. ज्याच्या नावानं ते ओळखलं जातं तो लेस्ली अर्विन अमेरिकी, सर्कशी वृत्तीचा, उड्या मारून पोट भरणारा. 1919 च्या एप्रिलमध्ये डेटनच्याच मॅकुक फील्डवर त्यानं हातानं दोरी ओढून उघडायच्या पॅराशूटनं उडी मारली आणि घोटा मोडून घेतला. पुढे इंग्लंडात लेचवर्थला कारखाना काढला. त्याच्या पॅराशूटनं ज्याचा जीव वाचेल त्याला तो सोन्याची छोटी अळी द्यायचा, कोटाला लावायला. रेशमाच्या अळीचं प्रतीक म्हणून. जाकिटांचा माग काढताना मला त्यात दिसतं ते युद्धाचं अर्थकारण. सुरुवातीची अर्विन जाकिटं मोठमोठ्या सलग कातड्यांची. युद्ध लांबलं, मोठी कातडी मिळेनाशी झाली, तसतसे तुकडे लहान होत गेले आणि जोड वाढले. पाठ मोजून, जोड मोजून वर्षाचा अंदाज बांधता येतो. म्हणजे इथेही कातरणाऱ्याचा हात आधी दिसतो, उडणारा मागाहून. ही जाकिटं सांभाळणं मात्र कठीण. मेंढीचं कातडं वाळलं की पापडासारखं मोडतं, आणि एकदा फाटायला लागलं की टाकाही धरत नाही. टांगायचं नाही, आडवं ठेवायचं, तेल फासायचं नाही, उन्हापासून दूर. अर्विन घालणाऱ्यांत आपलेही होते. युद्धकाळात इंग्लंडात शिकायला आणि लढायला गेलेल्या 24 भारतीय वैमानिकांपैकी मोहिंदरसिंग पुजी पगडी घालूनच उडायचे. ग्रेव्हसेंडला 2014 मध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. थंडीसाठी अर्विन होतं, पगडीसाठी कुठल्या कारखान्याकडे ड्रॉइंग नव्हतं.

नायलॉनच्या जाकिटांत माझा जीव रमत नाही. एमए-वन म्हणून जे हिरवं, फुगीर, आत नारिंगी अस्तराचं जाकीट गल्लीबोळांत दिसतं, ते जेट विमानांच्या काळातलं. विमान पडलं तर उलटं करून घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना नारिंगी रंग दिसावा, ही युक्ती झकास आहे. पण नायलॉन माणसाला लक्षात ठेवत नाही. घडी घाला, सोडा, जसंच्या तसं.

जपान्यांना मात्र तेही पुरतं. या छंदातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट जपानात घडते. जुन्या अमेरिकी जाकिटांचे सर्वांत चोखंदळ गिऱ्हाईक जपानी, आणि सर्वांत हुबेहूब नक्कल करणारेही तेच. टोकियोचं बझ रिक्सन्स 1993 पासूनचं. नाव घेतलंय 'द वॉर लव्हर' या 1962 च्या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीननं रंगवलेल्या वैमानिकावरून. विल्यम गिब्सननं 2003 च्या एका कादंबरीत नायिकेच्या अंगावर त्यांचं काळं एमए-वन घातलं. असं काळं जाकीट ते बनवतच नव्हते. वाचक विचारायला लागले, मग त्यांनी बनवलं. दुसरी कंपनी रिअल मॅकॉयज, कोबे शहरातली. ही माणसं 1940 ची चेन जशीच्या तशी पुन्हा ओततात, दोऱ्याचा पीळ जुळवतात, एकाच इंचात टाके किती ते मोजतात, एका कारखान्याच्या एका कंत्राटातल्या कॉलरचं टोक दुसऱ्या कंत्राटापेक्षा कसं निराळं, त्याचा वेगळा कागद कापतात. 1945 च्या मार्चमध्ये आणि जूनमध्ये बी-एकोणतीस विमानांनी कोबे जाळलं होतं. त्या विमानांत बसलेल्यांच्या कपड्यांचा एकेक टाका आज त्याच शहरात इतक्या निगुतीनं पुन्हा घातला जातो, याचा अर्थ काय लावायचा, हे मला कळत नाही. सूड नाही, भक्ती नाही, विसर तर नाहीच. कदाचित ज्याला शिवण कळते त्याला एका मर्यादेपलीकडे देश दिसत नसावा. हे म्हणणं फार उदार झालं, कबूल. पण त्यांचे मुंढे पाहिलेत तर तुम्हीही म्हणाल.

आणि आता आपल्याकडचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याची एक आघाडी चीन, बर्मा आणि भारत मिळून होती. जपान्यांनी बर्मा घेऊन चीनचा रस्ता तोडला, तेव्हा आसामातल्या चबुआ, दिंजान, मोहनबारी या धावपट्ट्यांवरून हिमालयाचा पूर्व खांदा ओलांडून कुनमिंगला माल जायचा. 1942 ते 1945 मध्ये साडेसहा लाख टनांच्या आसपास माल गेला, आणि सहाशेच्या जवळपास विमानं त्या डोंगरांत पडली. काहींचे सांगाडे अरुणाचलात अजून सापडतात. या आघाडीवर आलेल्यांपैकी कितीतरी जण मुंबई बंदरात उतरले आणि आगगाडीनं पूर्वेला गेले. त्यांच्या जाकिटांच्या पाठीवर किंवा आत चिनी झेंडा आणि चिनी मजकूर असलेला कापडाचा चौकोन शिवलेला असे: हा परदेशी माणूस मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि लोकांनी याला वाचवावं, अशा आशयाचा. आधी पाठीवर, पण शत्रूलाही तो लांबून दिसायचा, म्हणून पुढे आत. खांद्यावर आघाडीचं चिन्ह: ढालीचा आकार, खाली लाल-पांढरे उभे पट्टे, वर निळ्यावर एका बाजूला चीनचा सूर्य आणि दुसऱ्या बाजूला भारताचा तारा.

ही चिन्हं अमेरिकेत कारखान्यात विणलेली मिळत. पण हौशी पोरं ती कलकत्त्यात आणि इतर शहरांत आपल्या कारागिरांकडून करून घ्यायची. कुणी जरीची, कुणी फेल्टची, कुणी चामड्याचे रंगीत तुकडे एकमेकांत बसवून. संग्राहकांच्या जगात या हिंदुस्थानी कामाला आज कारखान्याच्या मालापेक्षा कितीतरी जास्त मोल आहे. कारण सरळ आहे: यंत्राची दोन चिन्हं एकसारखी, हाताची दोन कधीच नाहीत. विक्रीच्या याद्यांत त्यापुढे एवढंच लिहितात: भारतात केलेलं. वैमानिकाचं नाव, तुकडीचं नाव, विमानाचा क्रमांक, सगळं खणून काढणारी माणसं इथे येऊन थांबतात. बीकनच्या कारखान्याला निदान लेबल तरी होतं.

माझ्याकडे असं एक चिन्ह आहे, जाकिटाशिवाय सुटं. तळहाताएवढं. लाल आणि पांढरे पट्टे चामड्याचे, कडेनं मेणाच्या दोऱ्यानं घट्ट टाके. वरचा सूर्य आणि तारा जरीचे. बारीक स्प्रिंगसारख्या तारेचे तुकडे कापून, ओवून, शेजारी शेजारी बसवलेले. या तारेला जरदोजीवाले दबका म्हणतात. जर काळी पडलीय, पण तिरकं धरलं की कडेला सोनं अजून दिसतं. चीनच्या त्या सूर्याला बारा किरणं असतात. माझ्या सूर्याला अकरा आहेत.

मामांना व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. मामा आता नव्वदीला टेकलेत, डोळ्यांची ऑपरेशनं झालीयत, पण फोन नाकाला लावून बघतात.

"मामा, तुम्ही जरा हे बघता का?"

"उलटं कर."

उलटं केलं. मागे जाड कापड, त्यावर गाठी, सोडलेले दोरे, डिंकाचे पिवळे डाग.

"हे एकाचं काम नाही," मामा म्हणाले. "पट्टे चामडंवाल्यानं केलेत. टाका बघ, आरीनं आधी भोक पाडून मग दोरा ओढलाय. जरीवाला वेगळा. त्याचा हात हलका आहे, पण घाईत होता. मागे दोरा कापायचासुद्धा थांबला नाही, सूर्यावरून ताऱ्यावर तसाच ओढत नेलाय. नगावर काम असणार." थोडा वेळ बघून म्हणाले, "आणि चामडंवाला डावरा असावा. टाक्यांचा कल उलटा आहे."

"आणि किरणं अकरा का, मामा?"

"जागा संपली असेल."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे होतं. तिथे दोन टाके सुटलेत आणि पांढरा पट्टा जरासा उचललाय. म्हणाले, पाठव इकडे, चार टाक्यांचं काम आहे. मी त्यांना समजावलं की या वस्तूंना हात लावायचा नसतो, नवा टाका पडला की ती अस्सल राहत नाही, किंमत निम्म्यावर येते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, उसवलेलं तसंच ठेवलं तर पट्टा वर ओढला जाणार, पट्ट्याबरोबर जरीचं सूत ताणलं जाणार, ताऱ्याची एक बाजू सुटणार. मग किंमत किती होईल? मी म्हटलं, संग्रहालयातसुद्धा असंच ठेवतात. त्यावर ते म्हणाले की संग्रहालयात शिंपी नसेल.

गेल्या दिवाळीपासून हा वाद चालू आहे. दर फोनला ते तब्येतीच्या आधी पट्ट्याची चौकशी करतात. परवा त्यांनी जुन्या आऱ्या काढून तेल लावून ठेवल्या, असं मामी सांगत होती. येशील तेव्हा घेऊन ये, म्हणाले, आणि मेण लावलेला जाड सुती दोरा तिकडे कुठे मिळाला तर एक रीळ आण. इथे आता सगळं नायलॉनचंच मिळतं, आणि तुझ्या त्या निळ्या दिव्याखाली ते चमकेल.